कोरडी ओळ

सोमवार, ३ फेब्रुवारी

अनिरुद्ध म्हणाला, रोज संध्याकाळी माझ्यावर ओरडण्यापेक्षा लिहीत जा. आणि लगेच कपाटातून डायरी काढून दिली. बँकेची, गेल्या वर्षीची, कोरी. वार चुकलेले आहेत, ते मीच खोडून लिहायचे. नवऱ्याने मनापासून दिलेली भेट आहे, नाही म्हणवेना.

तर आजचा राग. सकाळी खोली उघडली, तांब्यातलं शिळं पाणी खिडकीतून टाकलं, ताजं भरलं, आणि एक घोट घ्यायच्या आत शिपाई दारात: सभा आहे. सभा म्हणजे पुष्कर बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. पुष्कर माझा विद्यार्थी. पिपेट कसं धरायचं हे त्याला मी शिकवलं. आता तो संस्थेचा संचालक आहे आणि चारचौघांत मला त्याला 'सर' म्हणावं लागतं. मी म्हणते. अशा सुरात म्हणते की पुढच्या वेळी त्यालाच नको वाटावं.

सर म्हणाले, "उल्का मॅडम, मार्चअखेर निर्णय घ्यायचाय. हिंजवडीच्या कंपनीकडे मोठं यंत्र आहे. पानांचा रस द्या, हार्मोनचा आकडा घ्या. आपली अँटिबॉडीची चाचणी आता... कशी सांगू..."

"सांग ना. म्हातारी झाली म्हण. माझ्यासारखी."

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं.

माझं काम समजायला सोपं आहे, कोणी समजून घेत नाही एवढंच. झाडाला तहान लागली की त्याच्या पानांत एक हार्मोन वाढतं. एबीए म्हणायचं त्याला. ते वाढलं की पानं आपली छिद्रं मिटून घेतात आणि आतलं पाणी राखतात. ते किती वाढलं हे ओळखणारी अँटिबॉडी मी सशाच्या रक्तातून मिळवली. त्या सशिणीचं नाव ठकी. ससे पुष्कळ झाले, पण एबीएला ओळखणारी ती एकटी निघाली. ती गेली त्याला आता किती वर्षं झाली, पण तिचं सीरम फ्रीझरमध्ये आहे. थोडंच उरलंय. चाचणी तिच्याच नावाने ओळखली जाते: 'ठकीला विचारा.'

आता ठकीची परीक्षा. एक ओळ पाण्यातली, एक ओळ कोरडी. कोरड्या ओळीतल्या झाडांत हार्मोन जास्त आहे असं ठकीने ठामपणे सांगितलं तर विभाग राहील. नाही सांगितलं तर विभाग बंद, ससेघर बंद, आणि उरलेलं सीरम नियमाप्रमाणे नष्ट. नष्ट हा शब्द पुष्करने अगदी सहज उच्चारला.

मदतीला दिलंय कोणाला, तर सुमय्या बागवान. नवीन फेलो. राहायला कसबा पेठेत, वडील कासिमभाई, मंडईत त्यांचा फळांचा गाळा. आडनाव बागवान, आणि काम झाडं सुकवायचं. बोलायला लागली तेव्हा मी म्हटलं, तुझं मराठी स्वच्छ आहे हं.

म्हणाली, "मॅडम, तुमचंही."

मला ही मुलगी आवडलेली नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

आजपासून कोरड्या ओळीचं पाणी बंद. ज्वारीची रोपं गुडघ्याएवढी झालीत. ओली ओळ शेडनेटच्या पलीकडच्या टोकाला ठेवली. कोरडी मी अलीकडच्या टोकाला, माझ्या खोलीच्या खिडकीखाली लावून घेतली, जिथे पूर्वी जास्वंद होती. दिवसभर नजरेसमोर राहील. या संस्थेत नजर हटली की काय होतं हे मला चांगलं माहीत आहे.

माळी, शिपाई, झाडूवाल्या बाई, सगळ्यांना तोंडी सांगितलं. तरी पाटी लावली, कारण आपल्याकडे तोंडी सांगितलेलं ऐकायचं नसतं:

'या ओळीस पाणी घालू नये. दया आल्यास ती घरच्या झाडांवर करावी.'

सुमय्याने पाटी वाचली आणि हसली. का हसली ते विचारलं नाही. मी काही करमणुकीसाठी पाट्या लिहीत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सुमय्याची सूचना. सूचनाच म्हणायची, आल्यापासून तिने दुसरं काही दिलेलं नाही.

"मॅडम, कुंड्यांचं रोज वजन करूया का? माती किती कोरडी झाली ते कळेल."

"किराणा मालाचं दुकान आहे का आपलं?"

"नाही, पण ठकीचं उत्तर बरोबर की चूक हे ताडायला काहीतरी..."

"ठकीला ताडून बघायला अजून तिच्यापेक्षा शहाणं कोणी जन्मलेलं नाही. पाणी बंद म्हणजे बंद. माती कोरडी होणार, दुसरं काय करणार?"

गप्प बसली. तिचं गप्प बसणंही उलट उत्तरासारखं असतं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पहिली प्लेट, आणि वाईट.

समजा कोणी ही डायरी वाचलीच (अनिरुद्ध, वाचत असशील तर लाज बाळग), म्हणून लिहिते. आमच्या चाचणीत रंग उलटा बोलतो. प्लेटच्या खळग्यांत आधी ठकीची अँटिबॉडी बसवलेली असते. पानाच्या रसात हार्मोन जास्त असलं तर ते जागा अडवतं आणि रंग येत नाही. हार्मोन कमी असलं तर खळगा हळदीसारखा पिवळा होतो. म्हणजे तहानलेली झाडं पांढरी दिसायला हवीत आणि पाण्यातली पिवळी.

पाण्यातली ओळ पिवळी आली. छान. कोरड्या ओळीत मात्र एक खळगा पांढरा, दुसरा पिवळा, तिसरा अर्धवट, चौथा पुन्हा पिवळा. लहान मुलाने रंगवल्यासारखं. शुद्ध हार्मोन घालून पाहिलं तर ठकी अचूक. पानाच्या रसात गेली की गोंधळ.

सुमय्याचा हात थरथरला असणार. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "मॅडम, ओल्या ओळीलाही हाच हात होता."

उत्तरं पाठ करून येते की काय, कोण जाणे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज तिला बाहेर बसवलं आणि तोच रस घेऊन सगळं स्वतः केलं. पिपेट माझं, हात माझा, डोळे माझे. तेच. तेच खळगे पिवळे, तेच पांढरे.

तिला सांगितलं, तू पानांचा रस काढतानाच घोळ घातलास. पान खुडल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये जायला हवं, नाहीतर खुडलेलं पान हातातच सुकायला लागतं. तिने खुडलं तेव्हा मी शेजारीच उभी होते आणि ते बरोबर गेलं होतं, हे मला माहीत आहे. पण दुसरं काय म्हणणार? ठकी चुकली म्हणू?

रविवार, २३ फेब्रुवारी

सुट्टी, म्हणजे अनिरुद्धशी भांडण.

गॅलरीतला गवती चहा पिवळा पडलाय. तो म्हणाला, "मुळं कुजलीत. मी रोज पाणी घालतो, आणि तूही घालतेस."

"मी? मी कधी पाणी घातलं?"

"उठल्याउठल्या. कळशीतलं."

"ते शिळं असतं. शिळं पाणी टाकते मी, पाणी नाही घालत."

"टाकतेस कुठे?"

"मोरीत टाकू का? आईने आयुष्यात कधी पाणी मोरीत ओतलं नाही. शिळं झालं की झाडाच्या बुडाशी."

तो पेपर उघडून बसला. निवृत्त झाल्यापासून त्याला प्रत्येक गोष्टीत शब्द पकडायची सवय लागली आहे. इथे माझी ठकी हातची जातेय आणि याला गवती चहाची पडली आहे.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. इतकी वर्षं फ्रीझरमध्ये आहे ती. वीज जाते, येते. प्रत्येक वेळी बर्फ थोडा वितळतो, पुन्हा गोठतो. आतून मरत आली असेल आणि मलाच दिसत नसेल, असंही असू शकतं. हे मी पुष्करसमोर मेले तरी म्हणणार नाही.

सोमवार, ३ मार्च

दुसरी फेरी. नवी रोपं, पाणी बंद, तीच जागा. जागा बदलली असती तर पुष्कर म्हणाला असता, मॅडम पळवाट शोधतात. पाटी पुन्हा लिहिली, मोठ्या अक्षरात.

सुमय्याचे रोजे सुरू झालेत. संध्याकाळी लवकर जाते, त्याबदल्यात जेवणाची सुट्टी घेत नाही. नियमात बसतं, म्हणून मी काही बोलू शकले नाही.

शनिवार, ८ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारी सुमय्या आली. हाताला माती. म्हणाली, "मॅडम, कोरड्या ओळीतल्या दोन कुंड्या आत ओल्या लागतात. वरून कळत नाही, बोट घातलं की कळतं. परवा वेगळ्याच दोन होत्या. एसीचा पाइप बघितला, तो तिकडे येत नाही. कोणीतरी पाणी घालतंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे ठकी खोटी नव्हे, माझा हात खोटा नव्हे, कोणीतरी मुद्दाम करतंय. कोण? माळी पाटीला घाबरतो. शिपाई स्वतःच्या चहालाही उठत नाही. शेडनेटमध्ये रोज जाते कोण? ही. कुंड्यांत बोटं घालते कोण? ही. आणि पुष्करच्या केबिनमध्ये परवा अर्धा तास बसली होती कोण?

मी म्हटलं, "तूच घालतेस."

"मी?"

"दिवसभर घशाखाली थेंब जात नाही तुझ्या. तहान म्हणजे काय ते कळत असेल. आली असेल दया. तुझ्या रोज्याची दया माझ्या कुंड्यांवर काढू नकोस."

खोलीत आणखी दोघं होते.

सुमय्या म्हणाली, "मॅडम, रोजा माझा आहे. ज्वारीचा नाही."

आणि हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

मी तांब्यातून पाणी प्यायले. तिच्यासमोर पीत नव्हते इतके दिवस, हेही लिहून ठेवते. माझ्यात तेवढं आहे.

सोमवार, १० मार्च

पुष्करला लेखी तक्रार दिली. 'कोरड्या ओळीस हेतुपुरस्सर पाणी घालून प्रयोग बिघडवला जात असल्याचा सबळ संशय आहे. श्रीमती बागवान यांना या कामातून मुक्त करावे.' भाषा मोजकी ठेवली.

अनिरुद्धला वाचून दाखवली. तो म्हणाला, "हेतू काय तिचा?"

"यंत्र आलं की हिंजवडीत नोकरी. आणखी काय?"

"तुला असं कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?"

"तिच्या जागी आपली स्पृहा असती, तर हेच लिहिलं असतंस?"

स्पृहा म्हणजे आमची भाची. मी म्हटलं, स्पृहाने असलं काही केलंच नसतं. तो म्हणाला, तेच म्हणतोय मी. आणि उठून गेला. हल्ली बोलणं अर्धवट टाकून जातो.

बुधवार, १२ मार्च

सुमय्याला काढलं. पुष्कर मला म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या कुठल्या प्रकल्पात जागा नाहीये. म्हणजे तिची फेलोशिप संपली असंच समजा. तुमची खात्री आहे ना?" मी म्हटलं, खात्री नसती तर कागद काळा केला नसता.

बाईसाहेब जाता जाता काय करून गेल्या, तर दुसऱ्या फेरीच्या पानांचा रस निम्मा निम्मा केला. एक भाग माझ्यासाठी फ्रीझरमध्ये ठेवला, आणि दुसरा बर्फात घालून पुष्करच्या सहीने हिंजवडीच्या यंत्राकडे पाठवला. माझ्याविरुद्ध पुरावा हवा असेल. पुष्करला म्हणे म्हणाली, "सर, ठकीला एकदा तरी कोणीतरी साक्षीदार द्या." काय ती भाषा! ठकीला साक्षीदार लागतो का?

माझ्या टेबलावर तिने पिपेटं पुसून, ओळीने लावून ठेवली होती. मी ती पुन्हा धुतली.

गुरुवार, १३ मार्च

दुसऱ्या फेरीच्या रसाची प्लेट आज लावली: तोच गोंधळ, पाणी घातलेलंच होतं ना. आता तिसरी फेरी, एकटीने. शेडनेटला नवीन कुलूप. किल्ली एकच, ती माझ्या पर्समध्ये. आता बघते कोण पाणी घालतं ते.

सोसायटीत खाली होळी पेटवली आहे. गेले नाही. डोकं आधीच पेटलेलं आहे.

शनिवार, २२ मार्च

किल्ली माझ्याजवळ होती. माझ्याशिवाय आत कोणी गेलेलं नाही. मी रोज सर्वांच्या आधी आले, सर्वांच्या नंतर गेले. ओल्या ओळीला पाणी मी स्वतः घातलं, कोरड्या ओळीत झारी नेलीसुद्धा नाही. पानं मी खुडली, रस मी काढला, प्लेट मी लावली.

एक पांढरा, एक पिवळा, दोन अर्धवट, एक पिवळा.

म्हणजे कोणी पाणी घालत नव्हतं. म्हणजे ठकीच.

खूप वेळ प्लेट हातात धरून बसले. शुद्ध हार्मोन ओळखते, पानाच्या रसात फसते. पुष्कर हेच म्हणत होता. म्हातारं माणूस घरात सगळ्यांना ओळखतं आणि रस्त्यावर गेलं की वाट चुकतं, तसं झालंय तिचं. माझ्या आईचं शेवटी असंच झालं होतं. मी तेव्हाही मानायला तयार नव्हते.

सुमय्याचा विचार मनात आला. मग तिने नाही घातलं पाणी. पण त्या दोन कुंड्या ओल्या होत्या असं तिनेच सांगितलं होतं ना? म्हणजे खोटं तर बोललीच.

सोमवार, २४ मार्च

पुष्करला जाऊन सांगितलं. सर म्हटलं नाही, पुष्कर म्हटलं. "ठकी संपली. तुझं यंत्र घे."

तो म्हणाला, "मॅडम, हिंजवडीचा अहवाल यायचाय अजून. तोवर थांबूया का?"

"कशाला? तुझं यंत्र ठकी खोटी होती असं सांगणार, आणि मग तू तो कागद सगळ्यांत फिरवणार. त्याआधी मीच सांगते. कागद आण, सही करते."

त्याने पाणी विचारलं. मी नको म्हटलं. सीरम नष्ट करायचं काम शिपायाकडे जाणार होतं. मी म्हटलं, ते मी करीन. दुसऱ्याचा हात लागायला नको तिला.

शुक्रवार, २८ मार्च

केलं.

छोट्या छोट्या कुप्या, गोठलेल्या, प्रत्येकीवर माझ्याच अक्षरात 'ठकी'. जाळीच्या डब्यात ठेवल्या, ऑटोक्लेव्हचं झाकण लावलं, दाब चढू दिला. प्रेशर कुकर आणि हे यंत्र यांत फारसा फरक नाही. शिट्टी तेवढी नसते.

उघडलं तेव्हा आत पांढरं, दह्यासारखं झालं होतं. अंड्याचा पांढरा भाग उकडल्यावर होतो तसं. मला रडू आलं. ससेघरातली मुलगी श्यामला दारात होती, तिने पाहिलं, आणि उगाच झाडू शोधायला गेली.

परवा पाडवा. गुढी उभारायची आहे, अनिरुद्धला गाठी आणायला सांगितलंय. मला काहीही उभारायची इच्छा नाही.

बुधवार, २ एप्रिल

आज अक्षर वाईट येणार.

हिंजवडीचा अहवाल आला. पुष्करने स्वतः आणून दिला, आणि दार लावून घेतलं. मी म्हटलं, वाच, हस, आणि जा.

तो हसला नाही. म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या फेरीचे ठकीचे आकडे काढा."

काढले. शेजारी ठेवले. कोरडी ओळ, पहिली कुंडी: यंत्र म्हणतं कमी, ठकी म्हणते कमी. दुसरी: यंत्र म्हणतं भरपूर, ठकी म्हणते भरपूर. तिसरी, चौथी, पाचवी. कुठेही चूक नाही. ठकीने जिथे जिथे पिवळा रंग दिला तिथे तिथे हार्मोन खरोखरच कमी होतं. त्या झाडांना तहान लागलेलीच नव्हती.

ठकी शहाणी होती. शेवटपर्यंत शहाणी होती. गेल्या शुक्रवारी मी तिला उकडलं तेव्हाही.

पुष्कर म्हणाला, "म्हणजे झाडांना पाणी मिळत होतं. तिसऱ्या फेरीतही. आणि किल्ली..."

"दुसरी किल्ली केली असणार तिने," मी म्हटलं. "कसबा पेठेत गल्लीगल्लीत किल्ल्या करून देतात."

"मॅडम, कुलूप तुम्ही ती गेल्यावर लावलंत."

बरोबर आहे. पण मग कोण? कोणीतरी आहे. माझ्या वाईटावर असलेलं, माझ्या वेळा माहीत असलेलं, रोज न चुकता येणारं. सापडलं तर मी त्याला सोडणार नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

सापडलं.

सकाळी नेहमीसारखी आले. विभाग बंद झाला तरी खोली महिनाअखेरपर्यंत माझी आहे. शेडनेटचं कुलूप कालच काढून टाकलं होतं, राखायला काही उरलं नव्हतं. पर्स ठेवली, खिडकी उघडली, तांब्या उचलला, शिळं पाणी गजांतून बाहेर भिरकावलं.

खालून आवाज आला, "अगं आई गं!"

वाकून पाहिलं. सुमय्या. ईद झाली म्हणून शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली होती, श्यामलासाठी आणि शिपायांसाठी. माझ्यासाठी अर्थातच नाही. आपली कात्री शेडनेटमध्ये राहिली होती ती घ्यायला आत शिरली होती. कोरड्या ओळीपाशी उकिडवी बसून कुंडीत बोट घालून बघत होती. अहवाल तिलाही कळला असावा. डोक्यावरून पाणी निथळत होतं, ईदचा नवा ड्रेस खांद्यापर्यंत भिजला होता.

माझ्या तोंडून पहिलं काय आलं, तर, "तिथे कशाला बसायचं मधे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या तांब्याकडे.

"मॅडम, हे काय?"

"काय म्हणजे? शिळं पाणी."

"रोज टाकता?"

"रोज टाकते. आईच्या वेळेपासून..."

आणि मी तांब्या खाली ठेवला.

तिने ओढणीचं टोक हातात घेतलं आणि पिळलं. पाणी कुंडीत पडलं. मातीने ते लगेच पिऊन टाकलं. आम्ही दोघी त्या ओल्या डागाकडे बघत राहिलो. पाणी जसं हाताला येईल तसं फेकत होते मी. कधी या दोन कुंड्या, कधी त्या दोन. डोळे त्या वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे असायचे. पाटी खिडकीच्या अगदी खाली होती, पाण्याने तिची अक्षरं वरून फिकी झाली होती. मला वाटलं होतं उन्हाने.

"सुमय्या," मी म्हटलं, "मला तुला..."

"राहू द्या, मॅडम." आवाज चढलेला नव्हता, तोच तिचा नेहमीचा, ओळीने पिपेटं लावल्यासारखा. "आता तेही शिळं झालं."

कात्री घेतली, डबा घेतला, आणि गेली. फाटकापाशी श्यामला तिला टॉवेल देत होती.

संध्याकाळी घरी पुष्करला पत्र लिहायला बसले. तक्रार मागे घेते, श्रीमती बागवान यांचा कोणताही दोष नाही, त्यांची फेलोशिप पूर्ववत करावी, आणि ही माहिती ज्यांच्यासमोर मी त्यांना बोलले त्या सर्वांना द्यावी. इथवर ठीक लिहिलं. मग लिहिलं, 'कोरड्या ओळीवर रोज सकाळी माझ्याकडून शिळे पाणी टाकले जात असे.'

वाचून पाहिलं. 'माझ्याकडून' खोडलं, 'मी' लिहिलं. 'शिळे' खोडलं. 'टाकले जात असे' यावर पेन बराच वेळ थांबलं. तेही खोडलं.

अनिरुद्ध मागे उभा राहून वाचत होता. मी त्याला हटकलं नाही. तो म्हणाला, "झाडाला काय कळतंय, शिळं आणि ताजं."

झाडाला पाणी कळलं. ठकीला तेही कळलं, आणि दर प्लेटला पिवळी होऊन ती मला सांगत राहिली.

पत्रात आता एवढंच आहे: पाणी मी घातले. डायरीत त्याखाली आणखी एक ओळ लिहिते, ती पुष्करला पाठवायची नाही. ठकीला ऑटोक्लेव्हमध्येही मीच घातलं.